रस्ता आखूड, रात्र लांब

प्रश्न : मी नाशिकला राहते. वय ५१, एका सहकारी बँकेत नोकरी करते. माझे बालपण अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात गेले. उन्हाळ्यात सगळे घर धाब्यावर झोपायला जात असे आणि आजी आम्हा मुलांना आकाशातली म्हातारीची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर दाखवीत असे. काही वर्षांपूर्वी मी गाडी चालवायला शिकले आणि तेव्हापासून एकच गोष्ट मनात घेतली आहे : स्वतः गाडी चालवत लांब जावे आणि एक रात्र पुन्हा उघड्या आकाशाखाली झोपावे. नाताळच्या सुटीत समृद्धी महामार्गाने एका दिवसात नागपूर गाठून पुढे पेंचच्या जंगलाकडे जाण्याचा माझा विचार होता. मुलगा २४ वर्षांचा आहे. तो म्हणतो, एवढे लांब कशाला, तलावाकाठी तंबूचे पॅकेज मिळते, नाहीतर कोकणात किनाऱ्यावर झोपू. यजमान मात्र विषयच काढू देत नाहीत. साप, बिबट्या, चोर, माझी कंबर अशी कारणे सांगतात. घर असताना उघड्यावर झोपायचे, लोकांना ते कसे दिसेल, असेही म्हणतात. ते निफाडकडच्या शेतकरी घरातले आहेत. परवा वाद झाला तेव्हा म्हणाले, "उघड्यावरच्या रात्री मी पुष्कळ काढल्या आहेत, आता मला नकोत." माझी हौस पोरकट आहे का? मी हट्ट धरावा की सोडून द्यावा?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

हौस सोडू नका. ती पोरकट आहे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र तुम्ही आखलेला बेत बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन, आणि तुमच्या पत्रात तुम्ही ओघात लिहून गेलात ते यजमानांचे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा शांतपणे वाचावे, असेही सुचवेन. त्या वाक्याकडे मी शेवटी येतो, कारण त्याआधी तुम्हाला नेमके काय हवे आहे हे तुमच्यापुरते स्पष्ट व्हायला हवे.

तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत आणि पत्रात त्या एकीत मिसळल्या आहेत. स्वतः गाडी चालवत दूर जाणे हे एक, आणि उघड्यावर झोपणे हे दुसरे. पहिल्या गोष्टीत मोकळेपण आहे : कोणी न्यावे म्हणून वाट पाहायची नाही, जिथे मन रमेल तिथे थांबायचे, बसच्या वेळेशी आपला दिवस बांधायचा नाही. पन्नाशीच्या आसपास चाक हातात आलेल्या बाईला या मोकळेपणाची ओढ वाटते, हे समजण्यासारखे आहे आणि आनंदाचेही आहे. दुसरी ओढ जुनी आहे. धाब्यावर तुम्हाला जी निश्चिंत झोप लागत असे ती आकाशामुळे लागे हे खरे, पण शेजारी आजी होती, जिन्याच्या तोंडाशी कोणी मोठे माणूस झोपलेले होते आणि राखणीची जबाबदारी तुमच्यावर नव्हती, म्हणूनही लागे. आता तुम्ही गेलात तर ती जबाबदारी तुमच्यावर असेल. अनोळखी माळावर तंबू ठोकून आडवे झाल्यावर प्रत्येक पाचोळ्याच्या आवाजाला कान टवकारले जातील आणि ज्या झोपेसाठी एवढे केले ती झोपच येणार नाही. म्हणून बेत असा हवा की रात्री राखणीचा भार तुमच्यावर राहणार नाही. पुढे जे सुचवतो आहे ते या एका विचारातून सुचवतो आहे.

आधी रस्त्याविषयी. शिर्डीपासून नागपूरपर्यंत समृद्धी महामार्ग ५२० किलोमीटर आहे. त्यात नाशिकहून महामार्गापर्यंत येणे आणि नागपूरहून उत्तरेला पेंचपर्यंत जाणे मिळवा, म्हणजे एका दिवसात सहाशेहून बरेच अधिक किलोमीटर तुम्ही एकट्या चालवणार आहात. रस्ता उत्तम आहे, पण तो सरळ, एकसुरी आणि भर उन्हात डोळ्यांवर झापड आणणारा आहे. दुपारी जेवणानंतरचे दोन-तीन तास आणि पहाटेपूर्वीचा प्रहर या दोन वेळा शरीर आपोआप मंदावते आणि अशा रस्त्यावर ते मंदावणे ताशी १२० किलोमीटरच्या वेगात घडते. शिवाय तुम्हाला ज्या मोकळेपणाची ओढ आहे ते तिथे मिळणार नाही. द्रुतगती मार्गावर झाड दिसले म्हणून, रसवंती दिसली म्हणून थांबता येत नाही. कडेला गाडी उभी करणे तिथे मना आहे आणि जिवावर बेतणारेही आहे. सबंध दिवस असा घालवून तुम्ही पेंचला पोहोचलात तर रात्री आठ वाजता तुमचे डोळे मिटतील, आणि ज्या आकाशासाठी एवढा खटाटोप केला ते तुमच्यावाचून सरकत राहील. लांबचा रस्ता आणि जागती रात्र यांचे एकमेकांशी जमत नाही. पहिल्या वेळी रस्ता आखूड ठेवा आणि रात्र लांब ठेवा, हा माझा मुख्य सल्ला आहे.

नाशिकच्या माणसाला असा आखूड रस्ता शोधायला दूर जावे लागत नाही. घोटीहून बारीमार्गे भंडारदऱ्याचे शेंडी गाव साधारण ७०-७५ किलोमीटरवर आहे. दुपारी ऊन उतरल्यावर निघालात, घोटीला चहा घेतलात, कळसूबाईच्या पायथ्याशी बारीला थोडा वेळ थांबून १,६४६ मीटर उंचीचे ते राज्यातले सर्वोच्च शिखर निवांत पाहिलेत, तरी दिवस मावळायच्या आत तुम्ही मुक्कामाला पोहोचता. दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे : शेंडीहून रतनवाडी, तिथले अमृतेश्वराचे जुने मंदिर, मग साम्रद, घाटघर आणि पुन्हा शेंडी. किलोमीटर फारसे नाहीत, पण वळणे आहेत, चढउतार आहेत, गुरे रस्त्यात आडवी येतात, आणि उन्हाळ्यात पळसाच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेली मुले भेटतात. गाडी चालवण्याचा आनंद मला विचाराल तर अशा रस्त्यावर आहे. दोन रात्रींचा मुक्काम ठेवा, कारण पहिल्या रात्री नव्या जागेची सवय नसल्याने झोप तुटक लागते आणि ढग आले तर एकच रात्र हातची जाते.

आता झोपायचे कोठे. इथे तुमच्या बालपणानेच उत्तर देऊन ठेवले आहे. तुम्ही जमिनीवर झोपत नव्हता, धाब्यावर झोपत होता. या परिसरातील गावांतून राहण्याजेवणाची सोय करणारी अनेक कुटुंबे आहेत आणि त्यांच्यापैकी काहींची घरे आता स्लॅबची आहेत. अशा एखाद्या घरी आधी फोन करून "आम्हाला खोली हवीच आहे, पण झोपायचे गच्चीवर आहे, दोन बाजा किंवा खाटा वर चढवून मिळतील का?" असे सरळ विचारा. खोलीचे पैसे पूर्ण द्या. खोली असली की स्वच्छतागृहाचा प्रश्न मिटतो, मध्यरात्री पाऊस आला तर निवारा असतो, आणि खाली घरचे लोक झोपलेले असल्याने राखण आपोआप होते. जिन्याला दार आणि गच्चीला कठडा आहे ना, एवढे पाहून घ्या. त्याच फोनमध्ये रस्त्यावरचा दिवा गच्चीवर येतो का आणि अंगणातला दिवा रात्री बंद करता येईल का, हेही विचारा. अंधाराविषयी एवढ्या बारकाईने विचारणारा पाहुणा त्यांना नवा वाटेल, पण कारण सांगितले की कोणी नाही म्हणत नाही.

यजमानांनी काढलेल्या शंकांपैकी बहुतेकांना गच्चीनेच उत्तर मिळते, परंतु त्या शंका हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत हे मात्र लक्षात घ्या. मण्यार हा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना आपल्याकडे नित्य घडतात. त्याच्या दंशाने पुष्कळदा ना फारशी वेदना होते ना सूज येते, म्हणून माणूस झोपेतच राहतो आणि पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, की मग धावपळ सुरू होते. वर उचललेली खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी हे त्यावरचे साधे आणि खरोखर उपयोगी संरक्षण आहे. मच्छरदाणीतून तारे थोडे मंद दिसतात, म्हणून झोप येईपर्यंत ती वर गुंडाळून ठेवा आणि डोळे मिटू लागले की खाली सोडा. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथे सर्पदंशावरची लस आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. दंश झालाच तर बांधणे, चिरणे यांत वेळ न घालवता माणसाला न हलवता झोपवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची असते. सकाळी चपला झटकून घालण्याची सवय ठेवा, कारण उन्हाळ्यात विंचू बाहेर पडतात.

बिबट्याची भीतीही खोटी नाही. नाशिक, अकोले, संगमनेर, जुन्नर या उसाच्या आणि डोंगरउताराच्या पट्ट्यात बिबट्या गावाच्या वेशीपर्यंत येतो, आणि या भागात अंगणात वा शेतात उघड्यावर झोपू नका, असे वनविभाग वारंवार सांगत असतो. हा नियम पर्यटकांनाही लागू आहे. भंडारदऱ्याभोवतीचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, तेव्हा मनाला वाटेल तिथे अंथरूण टाकणे, शेकोटी पेटवणे हे धोक्याचे आहे आणि कायद्यालाही धरून नाही. अलीकडे बिबट्या दिसला आहे का, हे घरमालकांना विचारा. ते खरे सांगतात, कारण त्यांची गुरे आणि मुले तिथेच असतात. दिसला असेल तर गच्चीचाही आग्रह धरू नका, बेत पुढे ढकला.

नाताळची सुटी मात्र सोडून द्या. त्या आठवड्यात आणि ३१ डिसेंबरला भंडारदऱ्यापासून पवनेपर्यंत प्रत्येक जलाशयाच्या काठी ध्वनिक्षेपक आणि रोषणाई असते. पण त्याहून मोठे कारण आकाशाचे आहे. तुमच्या आठवणीतले आकाश हे उन्हाळ्याचे आकाश आहे, आणि आजीची बाज हाच त्याचा पुरावा. बाज आणि तीन चोर म्हणजेच सप्तर्षी. ते चैत्र-वैशाखात रात्र पडताच उत्तरेला उंच आलेले असतात; पौषात ते पूर्ण दिसण्यासाठी मध्यरात्र उलटू द्यावी लागते. धाब्यावरून दिसणारा आकाशगंगेचा दाट, ढगासारखा पट्टाही नाताळात दिसणार नाही, कारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत सूर्य धनु राशीत असतो आणि आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग त्याच दिशेला असल्याने तो दिवसा उगवून दिवसाच मावळतो. हिवाळ्याचे आकाश वेगळ्या तऱ्हेने सुंदर असते. मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका तेव्हा तेजस्वी असतात, पण ते तुमच्या आजीने दाखवलेले आकाश नव्हे. पहिल्या रात्री तुम्हाला ओळखीचे माणूस भेटावे, असे मला वाटते.

म्हणून चैत्र वद्य पक्ष धरा, दशमीपासून अमावास्येपर्यंतचा. तोपर्यंत तुमच्या बँकेचे मार्चअखेरचे कामही उरकलेले असेल. वद्य पक्षातच जायचे, कारण चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि दशमीनंतर तो पहाटेकडे सरकल्याने बहुतेक रात्र अंधारी मिळते; कोजागरीचे चांदणे कितीही देखणे असले तरी त्यात तारे बुडून जातात. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी रजा मिळाली तर उत्तम.

अशा रात्री काय दिसेल ते सांगतो. अंधार झाल्यावर पहिला अर्धा तास मोबाइल पूर्ण बाजूला ठेवा, कारण अंधारात पाहण्यासाठी डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि एकदा पडद्याचा उजेड डोळ्यांत गेला की ती मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. जिना उतरायला बॅटरी लागेलच, तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधा. मंद लाल उजेडाने डोळे फारसे दिपत नाहीत. उत्तरेला बाज आणि चोर सापडले की बाजेच्या पुढच्या दोन खुरांची रेघ वाढवून ध्रुव शोधा. तो तिथे क्षितिजापासून साधारण १९-२० अंश उंच असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा, कारण ध्रुवाची उंची ही त्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. चोरांच्या ओळीचा बाक पुढे नेला की नारिंगी स्वाती आणि आणखी पुढे पांढरी चित्रा. रात्री दहाच्या सुमारास आग्नेयेला लालसर ज्येष्ठा वर येऊ लागेल आणि तिच्यामागून वृश्चिकाची पूर्ण नांगी. दक्षिणेची बाजू डोंगराने अडलेली नसेल तर अकराच्या सुमारास क्षितिजालगत, जेमतेम मूठभर उंचीवर, त्रिशंकूचे चार तारे दिसतील. मध्यरात्र उलटल्यावर, आणि खरे तर दोन-तीनच्या सुमाराला, वृश्चिकाच्या नांगीपासून धनूपर्यंतचा तो दाट पट्टा दक्षिणेला चांगला वर आलेला असेल. नाशिकचा उजेड उत्तरेला आणि मुंबईचा पश्चिमेच्या अंगाला क्षितिजावर जाणवेल. धाब्यावरच्या काळोखाइतका काळोख आता जवळपास मिळणार नाही, हे मनाशी धरून जा.

उघड्यावर झोपण्याचे खरे सुख माझ्या मते या मधूनमधून जाग येण्यात आहे. घरात मध्यरात्री जाग आली की आपण घड्याळ पाहतो आणि उद्याच्या कामाची काळजी करू लागतो. आकाश तासाला १५ अंश सरकते, त्यामुळे उघड्यावर जाग आली की वर काहीतरी बदललेले असते : बाज कलंडलेली असते, ज्येष्ठा दक्षिणेला वर चढलेली असते. आपण किती वेळ झोपलो ते आकाशाकडे पाहून कळते, आणि ते कळले की काळजी न करता पुन्हा डोळा लागतो. सबंध रात्र जागून सर्व काही पाहण्याचा अट्टहास म्हणूनच करू नका.

अंथरुणाविषयी थोडेसे. निरभ्र रात्री जमीन आणि छत आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडून देतात, म्हणूनच खानदेशात आतल्या खोल्या तापलेल्या असताना धाब्यावर गारवा लाभे. स्लॅब मात्र मातीपेक्षा हट्टी असतो आणि दिवसाचे ऊन रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून घ्या, आणि खाट असेल तर तो ताप तुमच्या पाठीपर्यंत पोहोचणारही नाही. पहाटे डोंगरात गारठा येतो, पायाशी गोधडी असू द्या. कमरेसाठी सुंभाची सैल बाज टाळा, पट्टीची ताणलेली खाट किंवा फळ्यांचा पलंग मागा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा : चैत्र-वैशाखात वळिवाचे ढग पाहता पाहता जमतात, लांबवर वीज चमकली किंवा गडगडाट ऐकू आला की अंथरूण तिथेच टाकून ताबडतोब खाली खोलीत जा. गच्ची ही विजेच्या वेळी थांबण्याची जागा नाही.

मुलाच्या सूचनांविषयी थोडक्यात. तलावाकाठच्या पॅकेजमध्ये तंबू एकमेकांना चिकटून असतात, रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात आणि प्रखर दिव्यांमुळे आकाश दिसत नाही. त्यात मित्रांच्या संगतीचा आनंद असेल, पण तुम्हाला हवे ते तिथे नाही. कोकणच्या किनाऱ्याचे आकाश पश्चिमेला छान काळोखे असते, पण ताऱ्यांसाठी आपण अमावास्या निवडतो आणि उधाणाची भरतीही अमावास्येच्याच सुमारास येते. संध्याकाळी ज्या कोरड्या वाळूवर तंबू ठोकावा तिथे मध्यरात्री पाणी येऊ शकते. शिवाय वेळाससारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवांची घरटी असतात आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात, तेव्हा तिथे रात्री दिवे घेऊन मुक्काम करू नये. त्याला कोकणात जायचेच असेल तर तिथेही एखाद्या घराचे खळे किंवा गच्चीच पाहावी.

पेंच सोडून देऊ नका, पुढच्या वर्षासाठी ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्पाला देशातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली आणि सिल्लारीच्या बाजूच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे खाली जमिनीकडे वळवण्यात आले, ही आपल्या राज्याने केलेली फार चांगली गोष्ट आहे. मात्र तिथे वाघ आहेत, त्यामुळे आकाश पाहायचे ते वनविभागाच्या व्यवस्थेत आणि झोपायचे ते चार भिंतींत. जाताना वाट दोन दिवसांत वाटून घ्या : सिंदखेड राजाला उतरून जिजाऊंचे जन्मस्थान पाहा, लोणारचे विवर पाहा. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो खड्डा आकाशातूनच आलेल्या दगडाने पाडलेला आहे, आणि तुमच्यासारख्या वाचकाने तो न पाहता पुढे जाऊ नये. गाडी स्वतः चालवण्याचे सार्थक अशा थांब्यांत आहे. निघण्यापूर्वी टायर आणि त्यांतील हवा मात्र जाणकाराकडून तपासून घ्या, तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर दगा देतात.

आता यजमानांच्या वाक्याविषयी. "उघड्यावरच्या रात्री मी पुष्कळ काढल्या आहेत." निफाडच्या शेतकरी घरातला मुलगा हे म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय असेल, याचा विचार करून पाहा. शेतीची वीज रात्रीची येते, म्हणून थंडीत मध्यरात्री उठून, गुडघाभर चिखलात उभे राहून दारे धरणे. निफाडचा पारा जिल्ह्यात सर्वांत खाली उतरतो, त्या थंडीत हातापायांना बधिरता येईपर्यंत पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवणे. पीक तयार झाले की मचाणावर जागून राखण करणे. आणि हे सर्व करताना बांधावरच्या सापाची आणि उसातल्या बिबट्याची धास्ती बाळगणे. तुमच्या लहानपणी रात्र ही आजीच्या गोष्टींची होती. त्यांच्या लहानपणी आणि तरुणपणी ती बहुधा कामाची होती. तुम्ही त्यांना आनंदाचे आमंत्रण देता आहात, आणि त्यांना मात्र ज्यातून मोठ्या कष्टाने बाहेर पडलो तिथेच परत बोलावल्यासारखे वाटत असेल. साप, चोर, कंबर ही कारणे त्यांनी मागाहून जोडली असावीत, असा माझा तर्क आहे. तर्कच आहे, तो तुम्ही पडताळून पाहावा.

"लोकांना कसे दिसेल" हा प्रश्नही मग निराळा वाटू लागतो. ऊसतोडीच्या फडावर, मेंढरांच्या वाड्याशी, शहरातल्या पदपथावर असंख्य माणसे आजही नाइलाजाने उघड्यावर झोपतात. ज्याने त्या नाइलाजाची चव घेतली आहे त्याला हौसेने उघड्यावर झोपणे खटकू शकते आणि तो संकोच मला आदर करण्याजोगा वाटतो. त्याने तुम्ही अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. वारीच्या वाटेवर सुस्थितीतील माणसेही आनंदाने माळावर पथारी टाकतात आणि त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. पण या संकोचाचे उत्तर वादाने मिळणार नाही.

म्हणून हट्ट धरण्याआधी त्यांना विचारा. बेत बाजूला ठेवून, एखाद्या संध्याकाळी, त्या रात्री कशा होत्या, सोबत कोण असे, भीती कशाची वाटे, भाकरी काय नेत, हे सगळे विचारा आणि मध्ये आपले म्हणणे न मांडता ऐका. इतक्या वर्षांच्या संसारात हे बोलणे झाले नसेल, हे मी गृहीत धरतो, कारण झाले असते तर ते वाक्य तुम्ही पत्रात ओझरते लिहिले नसते. त्यानंतर काही दिवसांनी तुमची रात्र कशी आहे ते त्यांना सांगा : थंडीतली नाही, चैत्रातली, शेतातली नाही, गच्चीवरची, राखण करायची नाही, कोणी उठवणार नाही, आणि नको वाटले तर खाली खोली आहे. जागा निवडण्याचे काम त्यांच्यावर सोपवा. साप, बिबट्या, वीज यांविषयी तुमच्या घरात सर्वांत अधिक त्यांना कळते, आणि त्यांनी होकार दिलेल्या गच्चीवर तुम्हालाही अधिक निर्धास्त झोप लागेल. गाडी मात्र तुम्हीच चालवा.

इतके करूनही ते नाही म्हणाले तर त्यांना न्यायचा आग्रह धरू नका, पण स्वतःचे जाणे रद्दही करू नका. मुलगा किंवा बहीण, मैत्रीण सोबत घ्या. पहिल्या वेळी एकटीने मात्र नको. घरच्या कोणाचे जमले नाही तर मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन करते आणि पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा गटाबरोबर तारे दाखवणारेही कोणी असते आणि सोबतही असते. यजमानांना मुक्कामाच्या घराचा पत्ता आणि घरमालकांचा क्रमांक लिहून द्या, आणि डोंगरात मोबाइलची रेंज तुटते म्हणून पोहोचल्याचा फोन किती वाजेपर्यंत येईल ते आधीच ठरवून ठेवा.